पंचाचा डाव

"घर आवरलं रे. उद्या जातोय मी," जनरल म्हणाले तेव्हा लिफ्टचं दार मिटत होतं आणि आत उभ्या असलेल्या पंचाच्या दोन्ही हातांत हनुवटीपर्यंत येणारा खोका होता. दार अडवायला हात मोकळा नव्हता. काही बोलावं तर खोक्याची कड ओठांना लागत होती. शेवटच्या फटीतून जनरलांचा आवाज आत आला, "आज एक डाव मांडू. आपण दोघंच." आणि लिफ्ट वर निघाली. खोक्यात नकाशे, फासे आणि सोंगट्यांच्या डब्या होत्या. डब्या खुळखुळत होत्या आणि त्याला उगाचच वाटलं की आपल्या हातून काहीतरी सांडलंय. उद्या म्हणजे उद्याच? मुलीकडे जाणार, कायमचे जाणार, हे गेल्या वर्षापासून चाललेलं होतं. पण जनरलांच्या तोंडी ते दवाखाना विकायचा, तिथली पेशंटची ती आडवी होणारी खुर्ची कुणीतरी घ्यायची, कागदपत्रं व्हायची अशा लांबलचक वाटेवर कुठेतरी रेंगाळत होतं, आणि रेंगाळणाऱ्या गोष्टीची माणसाला सवय होते. दार उघडलं तेव्हा त्याने मनाशी ठरवून टाकलं. आज खेळायचं. काय वाट्टेल ते होवो. पंचगिरी गेली खड्ड्यात.

पंचगिरी खड्ड्यात जायला तयार नव्हती. मागच्या दालनात शिरून त्याने खोका खाली ठेवला, वर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. टेबलं गोल होती. दरवर्षी खेळांचं हे संमेलन भरायचं आणि दरवर्षी काहीतरी व्हायचं. एकदा शेजारच्या भिंतीपलीकडे ढोलकं बडवणारा कुठलासा खेळ दिला होता, एकदा दिवेच निम्मे जळत नव्हते. पण गोल टेबलं ही नवीन तऱ्हा होती. त्याने तीनतीनदा निरोप पाठवून लांबट टेबलं मागितली होती. संमेलनाची व्यवस्थापक बाई कानाला यंत्र लावून दारातूनच चालली होती, तिला त्याने गाठलं.

"ही गोल आहेत," तो म्हणाला.

"हो ना! नवीन आहेत. छान दिसतायत, नाही?"

"आमचे नकाशे चौकोनी असतात."

तिने एक नकाशा पसरून पाहिला, मान वाकडी केली. "मावतोय की."

"कोपरे बाहेर लोंबतायत. कोपऱ्यात राखीव फौज असते."

"मग तिला थोडं आत घ्या," ती म्हणाली, अगदी मनापासून मदत करावी तशी, आणि कानातल्या माणसाशी बोलत निघून गेली.

तिचं तरी काय चुकलं? तिच्या संमेलनात पुढच्या मोठ्या हॉलमध्ये पत्त्यांचे, परीराक्षसांचे, रंगीबेरंगी पोशाखांचे खेळ होते, तिथे गर्दी होती, माइक होता, फोटो होते. मागच्या दालनात कोण? तर पोटं सुटलेले, चष्मे लावलेले लोक. सहाकोनी घरांत छापलेला नकाशा पसरायचा, पुठ्ठ्याच्या नखाएवढ्या सोंगट्या मांडायच्या, एकेक सोंगटी म्हणजे एकेक पलटण, आणि समोरासमोर बसून कुठल्यातरी मेलेल्या राजांची लढाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत पुन्हा लढायची. फासा टाकायचा, निकालाचा तक्ता बघायचा, हळहळायचं. ह्या लोकांसाठी तो जोड्या लावायचा, वेळ सांगायचा, भांडणं सोडवायचा. आणि वेळ संपूनही डाव अर्धाच राहिला, तर पटाशी उभा राहून पुढे काय झालं असतं ते सांगायचा. ही त्याची खरी करामत. मेलेल्या सोंगट्या कुठल्या क्रमाने ठेवल्यात, दारूगोळा कुठवर पोचलाय, कोण दमलंय, हे पाहून तो लढाई मागे वाचायचा आणि पुढेही वाचायचा, आणि त्याचा निकाल कुणी कधी मोडला नव्हता. सगळे त्याला पंच म्हणायचे. त्याचं खरं नाव ह्या दालनात कितीजणांना ठाऊक होतं कोण जाणे.

खोक्यांचे पुठ्ठे फाडून, टेबलांवर आडवे चिकटवून त्याने गोलाचे चौकोन केले. तेवढ्यात छतातला थंड वारा सुरू झाला आणि एका टेबलावरचं घोडदळ उडून खाली पडलं. वाऱ्याच्या जाळीवर त्याने स्टुलावर चढून कागद लावला. घामाघूम होऊन खाली उतरला तर जनरल दारापाशी खुर्चीत बसून चहा पीत होते, गुडघ्यांवर त्यांची जुनी चपटी पेटी होती. "ये रे सावकाश," ते म्हणाले, "मी कोपऱ्यात मांडून ठेवतो." ते दरवर्षी येत. स्पर्धेत नाव कधी देत नसत. नुसते बसत, चहा पीत, एखाद्याच्या खांद्यावरून डोकावत, संध्याकाळी घरी जात. म्हाताऱ्याला करमत नसेल, असंच तो धरून चालला होता. जनरल म्हणजे फौजेतले कुणी नव्हेत, दाताचे डॉक्टर. पण नकाशासमोर उभे राहिले की हात पाठीमागे बांधत, म्हणून जनरल.

पहिली फेरी लागली. आता कुठे उसंत, म्हणून तो वळला, आणि बायकोचा फोन आला. "आज जनरलांशी खेळणार आहे," त्याने सांगितलं. पलीकडे ती हसली. "खेळणार? तू? मग खेळूनच ये. दरवेळी नुसता दमून येतोस." त्याला राग आला. राग बायकोचा नव्हता, ती म्हणाली ते खरं होतं ह्याचा होता. बस कंपनीत तो चालकांच्या पाळ्या लावायचा. कुणाला पहाटेची, कुणाला दुपारची, कुणाची आई आजारी, कुणाला शेवटच्या फेरीची भीती. सगळ्यांच्या गाड्या वेळेवर सुटल्या की त्याचं काम झालं. घरीही तेच. लहानपणी खाऊ आणला की आई त्यालाच सुरी द्यायची. ताई आणि धाकटा टक लावून बसलेले. "हा बरोबर कापतो," आई शेजारणीला सांगायची. आणि कापणाऱ्याने शेवटी घ्यायचं हा घरचा नियम. केवढा अभिमान वाटायचा त्याला त्या शेवटच्या तुकड्याचा! ताई आणि धाकटा तोंड बरबटवून पळून गेलेले, आणि हा आपला ताटलीसमोर, न्यायमूर्ती. आता विचार करताना त्याच्या लक्षात आलं की त्या खाऊची एकही चव त्याला आठवत नाही. सुरीची मूठ मात्र आठवते.

खेळायचं असं होतं तरी कधी? होतं. रविवारी जनरलांचा दवाखाना बंद असे तेव्हा. दाढ काढायला गेलेला तो, भिंतीवर नकाशा बघून सुन्न तोंडाने प्रश्न विचारत राहिला, आणि पुढच्या रविवारी दोघं मागच्या खोलीत पटाशी बसलेले. लवंगेच्या तेलाचा वास, नळाची टिपटिप, आणि जनरल दातांच्या चिमट्याने सोंगट्या हलवायचे, गठ्ठ्यातली मधली सोंगटी बाकीच्यांना धक्का न लावता काढायचे. एक डाव महिनोन्महिने चालायचा. वर काच ठेवायची, सोमवारी त्याच काचेवर जनरल हिशेबाचे कागद पसरायचे. आठवडाभर पाळ्या लावताना त्याच्या डोक्यात नदी, पूल, जंगलाची कड असायची. साहेबाने हाक मारली की दचकायचा. ते दचकणं त्याला आत्ता एकदम आठवलं आणि त्याला स्वतःचीच कीव आली. पुढे संमेलन सुरू झालं, पहिल्याच वर्षी जोड्या लावणारा माणूस आला नाही, सगळे नुसते उभे. तेव्हा कोण म्हणालं होतं, "अरे तू वेळापत्रकं करतोस, तुला काय जड आहे? आजच्या दिवस बघ"? जनरलच म्हणाले होते. आजच्या दिवस! तो आजचा दिवस अजून मावळला नव्हता.

दुपारी, दुसरी फेरी रुळाला लागल्यावर, तो खरोखरच कोपऱ्यात जाऊन बसला. जनरलांनी नदीची एक लहानशी, एका बैठकीत संपणारी लढाई मांडली होती. ते अलीकडच्या काठावर, बचावाला. त्याची फौज पलीकडे, नदी ओलांडून यायची होती. "बस. तुझी चाल," जनरल म्हणाले आणि पेटीतून चिमटा काढून त्याच्यापुढे ठेवला. तो हातात घेताच बोटांना गार लागला. नकाशाचा जुना कागद घड्यांवर पांढरा पडलेला. कुठून यावं? पाणी उथळ असतं त्या उताराच्या बाजूने की वळणाच्या? त्याने चिमटा पुढे नेला.

"पंच! जरा येता का?"

वकील होता. खरं तर बाथरूमच्या फरश्या विकायचा, पण वाद असा घालायचा की लोकांनी त्याला वकील करून टाकलं होतं. तोफेला टेकडीपलीकडची पलटण दिसते की नाही ह्यावर अडलं होतं. अशा वेळी दोरा ताणून बघायचा ही रीत; घराच्या मध्यापासून घराच्या मध्यापर्यंत. दोरा ताणला होता आणि दोन्ही बाजूंची डोकी नकाशाला टेकली होती. "शिवतोय टेकडीला," एकजण म्हणाला. "शिवत नाही, चाटून जातोय," वकील म्हणाला. "चाटणं म्हणजे शिवणंच." "तुमच्या घरी असेल." त्याने दुसरा दोरा आणवला, पहिल्याचं सूत सुटलेलं होतं. निकाल दिला. परत येऊन बसला, चिमटा उचलला, तर फासा पुठ्ठ्याच्या फटीत कलता उभा राहिला म्हणून हाक. मग कुणीतरी शिंकलं आणि अख्खी आघाडी विस्कटली. कुठली सोंगटी कुठे होती ते दोघांनाही आठवेना, त्याला आठवत होतं, त्याने मांडून दिली. "तुम्ही नसता तर काय झालं असतं हो?" ते म्हणाले. आणि हे ऐकून आपल्याला बरं वाटलं, ह्या क्षणीही बरं वाटलं, हे त्याला जाणवलं तेव्हा तो मनातल्या मनात स्वतःवर चरफडला. जनरलांकडे पाहून त्याने हाताने थांबा अशी खूण केली. जनरलांनी मान हलवली. त्या मान हलवण्यात रुसवा असता तर बरं झालं असतं, रुसव्याला उत्तर देता येतं.

अंतिम सामना वकील आणि मिशी ह्यांच्यात लागला. मिशी हा बँकेतला एक अबोल गृहस्थ, चाल करण्याआधी मिशीचं टोक चावायचा आणि प्रत्येक चालीला एवढा वेळ घ्यायचा की समोरच्याने म्हातारं व्हावं. डाव अर्ध्यावर असताना व्यवस्थापक बाई आली. दालन रिकामं करायचं, टेबलं दुसरीकडे हवीत, लवकरात लवकर. तिच्याशी भांडून काही उपयोग नव्हता, तरी तो भांडला; आवाज चढला, लोक बघायला लागले, आणि बाई शांतपणे म्हणाली, "अहो, खेळच आहे ना शेवटी." त्याने डाव थांबवला. आता निकाल पंचाने द्यायचा.

उपांत्य फेरीत हरलेली गणिताची मास्तरीण शेजारीच उभी होती, बारीक चणीची, कडक नजरेची. ती खालच्या आवाजात म्हणाली, "मला स्पष्ट दिसतोय निकाल. मी सांगते, तुम्ही जा. ते केव्हाचे बसलेत कोपऱ्यात." तिच्यावर भरवसा नव्हता असं नाही. चांगली खेळायची, सरळ होती. नुसतं 'बरं' म्हणायचं होतं. एक शब्द. तो तोंडापर्यंत आलाही. पण पट समोर होता, अर्धवट, आणि दोन माणसं दिवसभराची मेहनत घेऊन त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि त्याच्या आत ती जुनी सुरी कुणीतरी पुन्हा हातात दिल्यासारखं झालं. "नको," तो म्हणाला, "मीच बघतो." तो वकिलाच्या बाजूने बघून आला, मिशीच्या बाजूने बघून आला. मेलेल्यांचे गठ्ठे तपासले. डावी फळी दमलेली, उजवीकडे वाट मोकळी, पण तिथवर पोचायला वेळ लागला असता. तो पुढच्या चाली डोक्यात चालवत गेला, एक, मग तिच्यावरची उत्तरं, मग त्या उत्तरांवरची. आजूबाजूचे आवाज गेले. मध्येच कोपऱ्यातून कुणीतरी काही म्हणाल्यासारखं वाटलं, त्याने न बघताच बोट वर केलं. अखेर तो सरळ उभा राहिला. "मिशी जिंकले. थोडक्यात." वकिलानेसुद्धा मान डोलावली. टाळ्या झाल्या. मास्तरीण पर्स खांद्याला लावत म्हणाली, "मीही हेच म्हणणार होते," आणि निघून गेली.

कोपऱ्यात जनरल कोट चढवून उभे होते. दारात त्यांचा जावई किल्ल्या वाजवत होता.

"झाला का न्याय?" जनरल म्हणाले.

"झाला. चला, बसा आता. जागा नसेल तर आपण खाली कँटीनमध्ये मांडू. कुठेही मांडू."

"अरे, संपला डाव."

"संपला म्हणजे?"

"तू जिंकलास."

त्याने पटाकडे पाहिलं. खरोखरच संपला होता. ह्या खेळातल्या माणसांना ही सवय असतेच. सोबती मिळाला नाही की दोन्ही बाजू एकट्याने खेळायच्या. ह्या खुर्चीतून उठायचं, त्या खुर्चीत बसायचं, आणि आत्ता आपण काय ठरवलं होतं ते इमानदारीने विसरायचं. घरोघरी खेळतात, त्यात कुणाला वेडेपणा वाटत नाही. पण त्याला आत्ता वाटलं. म्हाताऱ्या माणसाने दुपारभर टेबलाला फेऱ्या घातल्या होत्या.

"थोडी वाट पाहिली," जनरल म्हणाले. "मग तुझी पाळी मी खेळलो. मग माझी. मग परत तुझी वाट पाहिली."

"मला हाक मारायचीत!"

"मारली की. तू बोट वर केलंस."

त्याचा चेहरा तापला. काहीतरी जोरात बोलावंसं वाटलं आणि जे सुचलं ते भलतंच होतं. "म्हणून मला जिंकवलंत? जाता जाता खुळखुळा हातात दिलात?"

जनरलांचा चेहरा बदलला. आयुष्यभर त्यांना कुणी वेदना दिली असेल नसेल, ही दिलेली दिसली. "मी कधी कुणाला जिंकवलंय?" ते म्हणाले. "एका चालीत तरी ढिलाई दाखव. पंच आहेस ना? बघ की वाचून." मग त्यांनी त्याच्या दंडाला धरलं, घट्ट, दाढ काढताना धरायचे तसं, आणि लगेच सोडलं. जावई दारातून पंचाकडे बघून म्हणाला, "काका, निघतो हं आम्ही. गाडी नको तिथे लावलीय." पट, सोंगट्या, पेटी, सगळं टेबलावर तसंच ठेवून जनरल निघाले. "ते तुलाच," एवढंच वळून म्हणाले. तो जिन्यापर्यंत गेला नाही. जायला हवं होतं, हे त्याला तेव्हाही कळत होतं. पण त्याला ढिलाई शोधायची होती.

जनरल बचावाला बसले होते त्याच खुर्चीत तो बसला आणि वाचायला लागला. मेलेल्यांचे गठ्ठे नीट होते, पहिला मेलेला सगळ्यात खाली. त्याने एकेक उचलून डाव मागे नेला. जनरलांनी बचाव चोख केला होता. पूल राखला होता, उताराकडे तोफा ठेवल्या होत्या, राखीव फौज पाहिजे तिथेच होती. त्यात कुठे माया नव्हती. आणि पलीकडून, त्याच्या नावाने, जे आलं होतं ते बघून तो थबकला. पुलाकडे कुणी फिरकलंच नव्हतं. अख्खं घोडदळ नदीच्या वळणात, पाणी खोल असतं तिथे घातलं होतं, पाठ उघडी टाकून, परतीची वाट न ठेवता. मूर्खपणा आहे, त्याने मनात निकाल दिला. मी असं कधीच खेळणार नाही. दोन्ही बाजूंचा विचार करणारा माणूस असं करत नाही. पण हात पुढचा गठ्ठा उचलायच्या आधीच त्याला ठाऊक होतं की पुढे काय झालं असणार, कुठली पलटण डावीकडे वळली असणार, आणि वळलीच होती. लवंगेचा वास आला. हे खेळणं त्याचंच होतं. त्या मागच्या खोलीतलं. तो असाच खेळायचा, घाबरवत, हसत, मागे न बघता, आणि जनरल चिमटा हातात धरून नुसते बघत राहायचे, कपाळावर घाम. तो विसरला होता. जनरल विसरले नव्हते. दरवर्षी इथे येऊन, नाव न देता, चहा पीत, ते करमणूक शोधत नव्हते; तो समोर येऊन बसण्याची वाट बघत होते. ह्या माणसाची. जोड्या लावणाऱ्याची नव्हे.

त्याने अजून एकदा प्रयत्न केला. जनरलांच्या जागी बसून, पंचाच्या डोळ्याने, तो हल्ला अडवायची वाट शोधली. राखीव फौज आधी हलवून पाहिली, तोफा फिरवून पाहिल्या, पूल सोडून पाहिला. कशानेच अडत नव्हता. आणि त्याला इतका राग आला, इतका, की डोळ्यांत पाणी आलं. कुणावर चिडावं तर समोर कुणीच नव्हतं. दालनात आता टेबलं मिटवायचे आवाज चालले होते. हॉलवरचा एक माणूस हातात मिटलेल्या खुर्च्या घेऊन टेबलापाशी आला. त्याने पटाकडे पाहिलं, समोरच्या खुर्चीकडे बोट केलं आणि विचारलं, "इथे कुणी बसलंय का?"

ती हल्ल्याच्या बाजूची खुर्ची होती, त्याची.

"नाही," तो म्हणाला. "बसायचा एकजण, पूर्वी."

"मग नेऊ ना?"

"न्या."

माणसाने खुर्ची उचलली, मिटली आणि बाकीच्यांबरोबर बगलेत मारून नेली.